शेतातल्या काडीकचऱ्याने रंगाचं सांडपाणी साफ होतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी दिवाळीनंतर प्रकल्पांचे दिवस आले की दोन-तीन गट तरी हाच विषय घेऊन येतात: शेंगांची टरफलं, भाताचं तूस, लाकडाचा भुसा वापरून सांडपाण्यातला रंग काढणे. त्यांच्याखेरीज कापड रंगवणाऱ्या डाईंगवाल्यांचे फोन येतात आणि ओढ्याकाठी ज्यांची शेती आहे ती माणसंही विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. इचलकरंजीचा काळा ओढा ज्यांनी रोज पाहिला आहे, त्यांना हा विषय का महत्त्वाचा ते सांगायची गरज नाही.

भुशाने रंग निघतो, म्हणजे नेमकं काय होतं?

रंगाचे रेणू पाण्यातून निघून भुशाच्या पृष्ठभागाला चिकटतात. याला अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी पितो ते शोषण. अधिशोषणात पदार्थ पृष्ठभागावर बसतो. हळदीचा हात पांढऱ्या सुती कापडाला लागला तर डाग धरतो आणि स्टीलच्या ताटाला लागला तर धुऊन निघतो. कोणता रंग कोणत्या पृष्ठभागाला धरतो, एवढाच हा सगळा खेळ आहे.

वनस्पतीचा कोणताही कचरा घ्या, त्यात मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असतं. त्यांच्यावर हायड्रॉक्सिल, कार्बोक्सिल, फेनॉल असे गट असतात. साध्या पाण्यात, म्हणजे पीएच (आम्ल-अल्क मोजायचा आकडा) सहा-सातच्या आसपास, यातल्या कार्बोक्सिल गटांवर ऋण प्रभार येतो. त्यामुळे धन प्रभार असलेला रंग भुशाकडे ओढला जातो आणि ऋण प्रभाराचा रंग दूर ढकलला जातो. पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

ही कल्पना नवीन आहे का?

वनस्पतीने पाणी स्वच्छ करणं आपल्याकडे जुनं आहे. निवळीचं बी माठात आतून घासून गढूळ पाणी निवळायचं, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, मग मळी वर येते आणि ती काढून टाकतात. या दोन्हींत बारीक कण एकत्र येऊन गोळा होतात, म्हणजे ते साकळणं आहे. अधिशोषण वेगळं. पृष्ठभागाने रंग धरायचं काम साखरेच्या धंद्यात एकोणिसाव्या शतकापासून चालत आलं आहे. तिथे पाक पांढरा करायला हाडांचा कोळसा वापरत.

कापडाच्या रंगासाठी शेतीचा कचरा वापरण्याचं संशोधन भारतात १९९०च्या दशकात जोमात आलं. कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठात सी. नामसिवायम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या खांबाचा गाभा, संत्र्याची साल, नारळाच्या काथ्याचा भुसा यांवर काम केलं. रूडकीला साखर कारखान्याच्या बॉयलरमधून उडणाऱ्या बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) राखेवर पुष्कळ काम झालं. तेव्हापासून आजपर्यंत पालापाचोळ्यातली क्वचितच एखादी वस्तू तपासायची राहिली असेल.

पाण्यात एवढा रंग येतो कुठून? डाईंगवाले महागाचा रंग वाया का घालवतात?

कोणी मुद्दाम वाया घालवत नाही. सुती कापडाला आज बहुतांशी रिॲक्टिव्ह रंग वापरतात. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने १९५६ साली प्रोसिऑन नावाने ते बाजारात आणले. हे रंग कापसाच्या धाग्याशी रासायनिक बंध करतात, म्हणून धुतल्यावर सहसा फिके पडत नाहीत. पण हा बंध होण्यासाठी सोडा घालून पाणी अल्कधर्मी करावं लागतं, आणि त्याच वेळी रंगाचे काही रेणू धाग्याऐवजी पाण्याशीच बंध करून बसतात. असा रेणू वाया गेला. तो पुन्हा धाग्याशी जोडला जात नाही. रंग आणि पद्धत यांप्रमाणे दहापासून चाळीस टक्क्यांपर्यंत रंग असा निसटतो. गडद काळा, गडद लाल अशा छटांना तो जास्तच जातो.

शिवाय रंग धाग्याकडे ढकलण्यासाठी लिटरमागे चाळीस ते ऐंशी ग्रॅम मीठ घातलेलं असतं. रंगाई झाल्यावर साबणाच्या गरम पाण्याने कापड धुतात आणि धाग्याला न जोडलेला रंग काढतात. म्हणजे जिगर किंवा सॉफ्ट फ्लो या कापड रंगवायच्या मशीनमधून बाहेर पडणारं पाणी गरम असतं, खारट असतं, सोड्याचं असतं, आणि त्यात उरतो तो कापसाने नाकारलेला रंग.

शोधनिबंधात वाचलं की ९५ टक्के रंग निघतो. आमच्या डाईंगचं पाणी आणून तोच प्रयोग केला, तर काहीच फरक पडला नाही. आमचं काय चुकलं?

बहुधा काहीच चुकलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर थोडं सविस्तर देते.

असे बहुसंख्य प्रयोग मिथिलिन ब्लू या रंगावर केलेले असतात. जर्मनीत हाइनरिख कारो यांनी १८७६ साली तो बनवला. तो स्वस्त आहे, सगळ्या प्रयोगशाळांत मिळतो, कलरीमीटरवर (रंगाचा गडदपणा मोजायच्या यंत्रावर) ६६० नॅनोमीटरच्या आसपास छान मोजता येतो. आणि त्याच्यावर धन प्रभार आहे. ऋण प्रभाराच्या भुशाला असा रंग आयता मिळतो. मॅलाकाइट ग्रीन, क्रिस्टल व्हायोलेट, सॅफ्रानिन हे सगळे त्याच कुळातले, म्हणजे बेसिक रंग.

तुम्ही डाईंगमधून आणलेलं पाणी रिॲक्टिव्ह रंगाचं. त्या रेणूवर सल्फोनेट गट असतात आणि त्यांचा प्रभार ऋण. भुसाही ऋण, रंगही ऋण. त्यात पाण्याचा पीएच दहा-अकरा, म्हणजे भुशावरचा ऋण प्रभार आणखी वाढलेला. दोघं एकमेकांना जवळच येऊ देत नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला स्वतःला उशिरा उमगली. रिॲक्टिव्ह रंग बनवणाऱ्यांना असा रंग हवा असतो की ज्याचा वाया गेलेला भाग साबणाच्या पाण्यात कापडावरून सहज सुटून जाईल, नाहीतर कापड पुढे प्रत्येक धुण्यात रंग सोडत राहील. म्हणजे तो रेणू सेल्युलोजला धरू नये अशाच बेताने घडवलेला असतो. आता आपला भुसा, तूस, टरफल म्हणजे काय? कापसाच्याच भावकीतलं सेल्युलोज. कापसाने जो रंग सोडून दिला तो त्याच्या भावकीने धरावा, ही अपेक्षाच अवघड आहे.

वर्गात मी हे दोन बाटल्यांत दाखवते. एका बाटलीत पाणी आणि तोंड आल्यावर लावतात त्या जेन्शन व्हायोलेटचे दोन थेंब. दुसरीत डाईंगमधून आणलेला लाल रिॲक्टिव्ह रंग, तेवढाच गडद. दोन्हींत धुऊन वाळवलेल्या शेंगांच्या टरफलांचा भरडा दोन-दोन चमचे घालायचा आणि दहा मिनिटं हलवायचं. जांभळी बाटली डोळ्यांदेखत निवळते, टरफलं जांभळी होतात. लाल बाटली तासाभरानेही लालच असते. ती एकदा पाहिल्यावर कोणीही विद्यार्थी रंगाचं कूळ न विचारता प्रयोग सुरू करत नाही.

मग रिॲक्टिव्ह रंगासाठी वनस्पतीचा कचरा वापरताच येत नाही का?

येतो, पण कच्चा नाही. चार वाटा आहेत आणि प्रत्येकीची किंमत आहे.

पाणी आम्ल करणं ही पहिली. पीएच दोन-तीनपर्यंत खाली आणला की भुशावरचा ऋण प्रभार जातो आणि ऋण रंग थोडाफार बसू लागतो. शोधनिबंधात हे उत्तम दिसतं. प्रत्यक्षात सोड्याचं पाणी तिथवर आणायला ॲसिड ओतायचं आणि सोडण्याआधी पुन्हा चुना घालून ते सातवर आणायचं. या दोन्हींत क्षार वाढतात आणि खर्चही.

दुसरी वाट, कचऱ्याचा सक्रिय कोळसा करणं. फॉस्फोरिक आम्ल किंवा झिंक क्लोराइड लावून बंद भट्टीत तापवलं की सूक्ष्म छिद्रांचा कोळसा मिळतो. नारळाच्या करवंटीचा असा कोळसा बाजारात आहेच. तो चांगलं काम करतो. मात्र त्याला ‘फुकटातला कचरा’ म्हणता येत नाही, कारण भट्टी, रसायन आणि धुण्याचं पाणी यांचा हिशेब लागतो.

तिसरी, भुशाचा प्रभारच बदलणं. चतुर्थक अमोनियमचा गट सेल्युलोजवर जोडला की पृष्ठभाग धन होतो आणि रिॲक्टिव्ह रंग पटकन धरतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मला ही सगळ्यांत सुंदर वाटते. खर्चाच्या दृष्टीने मात्र ज्या रसायनाने हे करायचं तेच महाग पडतं.

चौथी वाट अधिशोषणाची नाही, साकळण्याची आहे. शेवग्याच्या वाळलेल्या बियांत पाण्यात विरघळणारं धन प्रभाराचं प्रथिन असतं. ऋण प्रभाराच्या रंगांशी ते जुळतं आणि गुठळ्या खाली बसतात. लहान प्रमाणावर प्रयोग करायचा असेल तर मी विद्यार्थ्यांना आता हीच वाट सुचवते. तेल काढून उरलेली पेंडही चालते. तिच्यातून सेंद्रिय पदार्थ पाण्यात उतरतात, ते मात्र मोजलं पाहिजे.

आमच्या भागात कोणता कचरा घ्यावा?

जो खरोखर कचरा आहे तो. हा प्रश्न विचारताना लोक रसायनशास्त्राचा विचार करतात. मी आधी विचारते: ही वस्तू आज कोण वापरतंय?

उसाचं चिपाड घ्या. कोल्हापूर-सांगलीत ते डोंगरासारखं दिसतं म्हणून विद्यार्थ्यांना वाटतं की ते फुकट आहे. पण कारखान्यात बगॅस बॉयलरमध्ये जातो, त्यावर वीज तयार होते, आणि गुऱ्हाळात चिपाडच चुलवाणात जळतं. तुम्ही ते उचललंत तर त्यांना दुसरं जळण शोधावं लागेल. त्या बॉयलरची राख मात्र अजून बऱ्याच ठिकाणी पडून असते, आणि तिच्यात न जळलेला कार्बन असल्याने ती कच्च्या चिपाडापेक्षा जास्त प्रकारचे रंग धरते. भाताचं तूसही वीटभट्टीत आणि बॉयलरमध्ये खपतं. त्यात सुमारे वीस टक्के राख असते आणि ती राख जवळजवळ सगळी सिलिका. त्यामुळे तुसाची पृष्ठभागाची साल टणक राहते आणि कच्चं तूस तितकं रंग धरत नाही.

शेंगांची टरफलं, करवतीचा भुसा, दाणे काढलेली मक्याची कणसं, खानदेशात केळीचे खांब आणि कापसाच्या पऱ्हाट्या, विदर्भात रस काढलेल्या संत्र्याच्या साली, कोकणात काथ्याचा भुसा: यांतलं जे तुमच्यापासून पाच-दहा किलोमीटरमध्ये वर्षभर मिळतं ते घ्या. हलक्या मालाची वाहतूक महाग असते, ट्रक वजनाने नाही तर आकाराने भरतो. काजूची टरफलं घेऊ नका. त्यांच्यातलं तेल कातडी भाजून काढतं.

कचरा कसा तयार करायचा?

माती-खडे काढा, साध्या पाण्याने दोनदा धुवा, मग गरम पाण्यात तासभर ठेवून ते पाणी काढून टाका. धुण्याचं पाणी रंगहीन दिसेपर्यंत हे करत राहा. मग उन्हात, नंतर ओव्हनमध्ये ८० अंशांच्या आसपास वाळवा, गिरणीत भरडा आणि चाळा. साधारण अर्धा ते एक मिलिमीटरचा भरडा सोयीचा. पिठासारखा बारीक केला तर रंग जास्त धरतो, पण मग तो पाण्यातून वेगळा काढणं कठीण आणि नळीत भरला तर पाणी पुढे सरकतच नाही.

गरम पाण्याची पायरी गाळू नका. बाभळीची साल, सागाचा भुसा, संत्र्याची साल यांतून टॅनिन आणि इतर विद्राव्य पदार्थ सुटतात. एकदा आमच्या प्रयोगशाळेत एका गटाचं पाणी प्रयोगानंतर आधीपेक्षा गडद झालं. निळा रंग गेला होता आणि सालीचा तपकिरी आला होता. डोळ्यांना रंग दिसला नाही तरी हे पदार्थ सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांच्या ऑक्सिडेशनला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, वाढवतात. म्हणून रंगाबरोबर सीओडी आधी आणि नंतर मोजलाच पाहिजे. ज्या अहवालात तो आकडा नसतो, तो मी परत पाठवते.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी प्रयोग कसा मांडावा?

शंकुपात्रात १०० मिलिलिटर रंगाचं द्रावण, लिटरमागे ५० मिलिग्रॅम. त्यात ०.२ ग्रॅम भरडा. दोन तास हलवत ठेवा, ठरावीक वेळाने नमुना घ्या, कलरीमीटरवर मोजा. समजा शेवटी लिटरमागे ६ मिलिग्रॅम रंग उरला. म्हणजे लिटरमागे ४४ मिलिग्रॅम गेला. आपलं द्रावण लिटरचा दहावा भाग, म्हणून गेलेला रंग ४.४ मिलिग्रॅम. तो ०.२ ग्रॅम भरड्यावर बसला. भागाकार केला की ग्रॅममागे २२ मिलिग्रॅम. हा आकडा म्हणजे त्या भरड्याची त्या परिस्थितीतली धारणशक्ती.

इथे एक सापळा आहे आणि त्यात दरवर्षी कोणीतरी अडकतं. नमुना गाळण कागदातून गाळला तर कागदही सेल्युलोजच. मिथिलिन ब्लू त्यालाही चिकटतो आणि सगळं श्रेय भुशाला मिळतं. कागद निळा झालेला दिसला की समजून घ्या. सेंट्रिफ्यूज वापरा. नसेल तर पात्र स्थिर ठेवून वरचं पाणी ड्रॉपरने अलगद घ्या, आणि भुसा न घातलेलं एक पात्र शेवटपर्यंत सोबत चालवा.

दर प्रयोग तीनदा करा. पीएच नोंदवा. आणि एक तरी संच खऱ्या सांडपाण्यावर करा. त्याचा निकाल वाईट आला तरी तो अहवालात लिहा. दहा चांगल्या आकड्यांपेक्षा तो एक आकडा उपयोगाचा असतो.

टक्के लिहायचे की मिलिग्रॅम?

दोन्ही लिहा, पण विश्वास मिलिग्रॅमवर ठेवा. लिटरमागे १० मिलिग्रॅमचं फिकं द्रावण १०० मिलिलिटर घेतलं तर त्यात रंग फक्त १ मिलिग्रॅम. त्यात २ ग्रॅम भुसा ओतला आणि ९८ टक्के रंग गेला, तर ग्रॅममागे अर्धा मिलिग्रॅमसुद्धा बसला नाही. वरच्या उदाहरणात ८८ टक्केच गेला, तरी तो भुसा चाळीसपटीहून अधिक कामाचा ठरतो.

लँगम्यूर, फ्रॉइंडलिश ही समीकरणं बसवावीच लागतात का?

परीक्षक विचारतात, म्हणून बसवा. पाण्यात किती रंग उरला असताना भुशावर किती बसतो, याचं नातं ही समीकरणं सांगतात. लँगम्यूरमध्ये पृष्ठभागावर एकच थर बसतो असं मानलेलं आहे. अर्व्हिंग लँगम्यूर यांना पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी १९३२ साली नोबेल मिळालं. फ्रॉइंडलिशचं समीकरण खडबडीत, असमान पृष्ठभागासाठी जास्त जवळचं. मात्र समीकरण नीट बसलं म्हणून पृष्ठभागावर तसंच घडतं असं सिद्ध होत नाही. वेगाच्या अभ्यासात द्वितीय कोटीचं सरळ रेषेचं आलेखन करतात, त्यात दोन्ही अक्षांवर वेळ येतो, त्यामुळे रेषा जवळजवळ नेहमीच सरळ दिसते.

माझं छोटं डाईंग आहे, रोज एक लाख लिटर पाणी निघतं. मला किती भुसा लागेल?

हा हिशेब कागदावर स्वतः करून पाहा, म्हणजे कोणी काही विकायला आलं तर त्याला विचारता येईल.

पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम रंग धरला तर एक लाख लिटरमध्ये १० किलो रंग. ग्रॅममागे २० मिलिग्रॅम धरणारा भुसा असेल, तर किलोभर भुशावर २० ग्रॅम रंग. म्हणजे रोज ५०० किलो कोरडा भुसा. वापरून झाल्यावर तो पाणी पिऊन बसतो. वजनाच्या तिप्पट पाणी धरलं तर रोज दोन टन ओला, रंगीत चोथा. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पन्नास टन.

आणि ग्रॅममागे २० हा आकडा बेसिक रंगाचा आहे. कच्च्या भुशावर तुमच्या रिॲक्टिव्ह रंगाला ग्रॅममागे ४ मिलिग्रॅम मिळाले तरी नशीब. तेव्हा रोज अडीच टन कोरडा भुसा लागेल. म्हणून मोठ्या डाईंगने सगळं पाणी थेट भुशातून काढायचा विचार सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी साकळणं आणि जैविक प्रक्रिया, आणि उरलेली शेवटची छटा काढायला कोळशाचा थर, या क्रमाने गेलं तर आकडे आवाक्यात येतात. त्याहीआधी रंगाची पहिली बादली, म्हणजे सर्वांत गडद पाणी, बाकीच्या धुण्याच्या पाण्यात मिसळू देऊ नका. कमी प्रमाणातलं गडद पाणी हाताळणं, भरपूर प्रमाणातल्या फिक्या पाण्यापेक्षा नेहमी सोपं.

रंगलेल्या भुशाचं पुढे काय करायचं?

हा प्रश्न विचारल्याबद्दल मी प्रत्येकाचे आभार मानते, कारण शोधनिबंधांत त्याला बहुधा शेवटची दोन वाक्यं मिळतात. रंग नष्ट झालेला नसतो. तो पाण्यातून चोथ्यात गेला आहे, इतकंच.

तो उकिरड्यावर टाकला तर पहिल्या पावसात रंगाचा काही भाग परत ओढ्याला लागतो. खड्ड्यात पुरला तर हवा नसलेल्या ओलाव्यात जिवाणू ॲझो रंगांतला नायट्रोजनच्या दोन अणूंमधला दुहेरी बंध तोडतात आणि ॲरोमॅटिक अमाइन तयार होतात. त्यातली काही कर्करोगकारक आहेत. असे अमाइन देणाऱ्या रंगांमुळेच १९९७ सालापर्यंत भारतात बेंझिडीनवर आधारित आणि इतर ॲझो असे मिळून ११२ रंग बंद करण्यात आले. कंपोस्ट करू नका, गुरांच्या पायाखाली पसरू नका. घरच्या चुलीत तर अजिबात जाळू नका. काही रंगांत तांबं किंवा क्रोमियम असतं, ते राखेत राहतं आणि ती राख शेवटी भांड्यांना किंवा परसात जाते.

सोड्याने किंवा अल्कोहोलने धुऊन भुसा पुन्हा वापरता येतो, असं वाचायला मिळतं. येतो. पण धुतलेला रंग आता त्या धुण्याच्या पाण्यात आला, आणि तो आधीपेक्षा दाट आहे. टरफलासारख्या स्वस्त मालासाठी हा खटाटोप क्वचितच परवडतो.

रीतसर मार्ग एकच: ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) गाळाप्रमाणे हा चोथाही घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांच्या चौकटीत तपासून घ्यायचा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीने रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी अशा अधिकृत केंद्रात किंवा सिमेंटच्या भट्टीत जाळायला पाठवायचा. चोथा चांगला वाळला असेल तर तो तिथे जळण म्हणून उपयोगी पडतो आणि वाहतूकही कमी लागते. हा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा.

रंग गेला म्हणजे पाणी शेतीला चालेल ना?

नाही. आमच्या भागातले शेतकरी हे विचारतात तेव्हा मला थांबून सांगावंसं वाटतं. भुसा मीठ काढत नाही. डाईंगच्या पाण्यातलं सोडियम जसंच्या तसं राहतं. असं पाणी दोन-तीन हंगाम दिलं की काळी जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही आणि वर पांढरा थर येतो. तमिळनाडूत तिरुपूरला नोय्यल नदीकाठी हेच झालं. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी २०११ मध्ये तिथली शेकडो डाईंग बंद झाली, आणि तिथल्या दुखण्याचं मूळ डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाइतकंच न दिसणाऱ्या क्षारांत होतं. स्वच्छ दिसणारं खारं पाणी जास्त धोक्याचं, कारण ते कोणी नाकारत नाही. आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) आणि सोडियमचं प्रमाण तपासून घ्या.

कायद्यात रंगाची मर्यादा किती आहे?

कापड उद्योगासाठी २०१६ साली आलेल्या मानकांनुसार सोडलेल्या पाण्याचा रंग १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एककांपर्यंत, बीओडी (सेंद्रिय पदार्थ कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत, सीओडी २५० पर्यंत आणि पीएच साडेसहा ते साडेआठ. नदी-नाल्यात सोडताना टीडीएसची मर्यादा २१००. मंडळाने दिलेल्या तुमच्या संमतीपत्रात याहून कडक अटी असू शकतात, त्या लागू.

मग कच्चा भुसा खरोखर चालतो तरी कुठे?

जिथे रंग बेसिक आहे, पाणी थोडं आहे आणि मीठ कमी आहे तिथे. ॲक्रिलिक लोकर बेसिक रंगांनी रंगवतात. काही कागद, काथ्या, ज्यूट, उदबत्तीच्या काड्या यांनाही हे रंग लागतात. अशा छोट्या कामांत शंभर-दोनशे लिटर पाणी असतं आणि एक ड्रमभर टरफलं पुरतात.

आणि अगदी हाताशी असलेली जागा म्हणजे आपल्या कॉलेजांच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळा. ग्रॅम रंजन (काचपट्टीवर जिवाणू रंगवून ओळखण्याची पद्धत) करताना क्रिस्टल व्हायोलेट आणि सॅफ्रानिन बेसिनमध्ये धुऊन जातं, वर्षानुवर्षं. दोन्ही बेसिक रंग. आम्ही बेसिनखाली नळ बसवलेली वीस लिटरची प्लास्टिकची बादली ठेवली, तळाला धुतलेली खडी, वर एक वीतभर शेंगांच्या टरफलांचा भरडा, त्यावर पुन्हा खडी म्हणजे भरडा तरंगत नाही. काचपट्टी धुतलेलं पाणी वरून हळू ओतायचं, नळ एवढाच उघडा ठेवायचा की थेंब थेंब पडेल. मुलं रोज सकाळी नळाखालचं पाणी परीक्षानळीत धरून उजेडात बघतात.

पहिल्या महिन्यात एक दिवस ते अचानक जांभळं आलं. भरडा संपला असं वाटलं, पण तो संपला नव्हता. कोणीतरी काचपट्टीचा रंग काढायचं अल्कोहोलही त्यातच ओतलं होतं, आणि अल्कोहोलने टरफलांवरचा रंग सोडवून खाली आणला. तेव्हापासून अल्कोहोलची बाटली वेगळी ठेवतो आणि बादलीवर तसं लिहून ठेवलं आहे. जिवंत जंतू असलेलं पाणी आधी ऑटोक्लेव्ह होतं, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक होतं, मगच इथे येतं. भरडा वरून खालपर्यंत जांभळा झाला, म्हणजे बादलीच्या पारदर्शक बाजूने रंगाची रेघ तळाच्या खडीला टेकायच्या बेतात आली, की तो काढतो, गच्चीवर पत्र्याच्या डब्यात झाकून वाळवतो आणि प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्याबरोबर देतो. नवा भरडा भरायला अर्धा तास लागतो.